थोरल्यांचं अंथरूण

अंथरुणाची इतकी काळजी वाहणारा, आणि त्या अंथरुणावर एकदाही अंग न टाकलेला माणूस साऱ्या तंजावुरात एकच असेल. ते म्हणजे माझे मामेसासरे. अंथरूण आहे दोन गिनी पिगांचं. हे जीव मूळचे मामांच्या नातीचे. तिच्या वडिलांची बदली कोइमतूरला झाली, तिथल्या घरमालकाने जनावरं चालणार नाहीत म्हणून सांगितलं, आणि पिंजरा मामांच्या हॉलमध्ये पंख्याखाली येऊन बसला. पापनाशमच्या तालुका कचेरीत जन्मभर फायली सांभाळलेल्या मामांनी पहिल्याच दिवशी दोघांना थोरले आणि धाकटे अशी नावं देऊन टाकली. दोघांचा थाट दिवाळसणाला आलेल्या जावयांसारखा, आणि मामांची धावपळही त्याला साजेशी.

नातीने जाताना पढवून ठेवलं होतं की खाली जुने टॉवेल अंथरायचे आणि वर फ्लीसचं, म्हणजे थंडीच्या जाकिटांचं लोकरीसारखं मऊ कापड. ओल फ्लीसमधून खाली उतरते, टॉवेल ती शोषून घेतो आणि वर पाय कोरडे राहतात. हे मामांनी असं काही मनावर घेतलं की विचारू नका. जादा कापड घ्यायला मला बरोबर घेऊन गेले. तंजावूरच्या उन्हात फ्लीस मागणारं गिऱ्हाईक बघून दुकानदाराने विचारलं, "कोडाईकनालला निघालात का?" मामांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि काउंटरवरच्या कापडावर चमचाभर पाणी ओतलं. पाणी वरच बसून राहिलं. दुकानदाराचा चेहरा उतरला, पण मामा खूश. "नवें आहे, म्हणून पाणी घेत नाही. चारदां गरम पाण्यांत धुतलें कीं बेस होईल," असं त्यालाच समजावून त्यांनी ते कापड घेतलं. भिजवल्यावर घ्यावंच लागलं असतं, ही गोष्ट वेगळी.

रोज सकाळी स्नानाआधी लेंड्या वेचणं. दर तिसऱ्या दिवशी कापड परसात नेऊन ब्रशने केस आणि गवत झाडणं, कारण ते राहिलं तर धुऊनही चिकटून बसतं. सुगंधी द्रव्य घालायचं नाही, त्याने कापड पाणी प्यायचं सोडतं. शेवटच्या पाण्यात मात्र थोडं व्हिनेगर. आणि मग वाळवणं! त्या घरात अजून सोवळ्याचं धोतर उंच बांबूवर काठीने वाळत घालतात, म्हणजे कोणाचा हात लागू नये. मामांनी त्याच्या शेजारी दुसरा बांबू टांगला, तो थोरल्या-धाकट्यांचा. एकदा आभाळ भरून आलं म्हणून मी धावत जाऊन ते कापड हातानेच ओढून आणलं. मामांनी हुंगून पाहिलं आणि सरळ परत भिजत टाकलं. "तुझ्या हाताला मोगऱ्याच्या तेलाचा वास आहे ग. थोरल्यांना शिंका येतात." मामी आतून म्हणाल्या, "देवाच्या पंच्यालाही इतकें सोवळें नाही या घरांत!"

मामींचं बोलणं तिखट, जीव मात्र त्या पिंजऱ्यात मामांइतकाच. एकदा मामा तिरुवैयारुला एका लग्नाला गेले होते, तेव्हा त्यांना आराम म्हणून मामींनी आपण होऊन अंथरूण धुतलं. शनिवार त्यांचा कंजीचा, म्हणजे भाताच्या पेजेची खळ करून घरातली सारी सुती धोतरं कडक करायचा दिवस. पन्नास वर्षांच्या सवयीने हात चालला आणि धोतरांपाठोपाठ फ्लीसही कंजीत बुडालं. वाळल्यावर ते ताठ उभं राहिलं. मामींनी कौतुकाने घडी मोडून ते अंथरलंसुद्धा. ओल वरच साचली, थोरल्यांचं पोट आणि पाय रात्रभर भिजले, आणि सकाळी त्यांनी कोथिंबिरीला तोंड लावलं नाही. गिनी पिगाने खाणं टाकलं की वेळ काढता येत नाही, हे सकाळीच लग्नाहून परतलेल्या मामांना ठाऊक होतं. आम्ही ऑटोने जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. मामा टोपली मांडीवर धरून मला म्हणाले, "हें जनावर आहे म्हणून नात दर रविवारीं फोन करते. हें नसेल तर म्हाताऱ्याला कोण करील?"  मला त्यांचा फार फार कळवळा आला.

औषधाने आणि सिरिंजने भरवलेल्या पातळ अन्नाने थोरले हळूहळू सावरले. मामांनी ते कापड कितीदा धुतलं कोण जाणे, कंजी निघाली एकदाची. त्या रविवारचा फोन धावपळीत राहूनच गेला; पुढच्या रविवारी नातीचा व्हिडिओ फोन आला. मामांनी नेहमीप्रमाणे तो पिंजऱ्याकडे धरला आणि मामी काही बोलायच्या आत म्हणाले, "माझ्या हातून चूक जाहली, कण्णा, बाळा. अंथरुणाला मींच कंजी घातली. थोरले आजारी पडले होते." मामींनी पदर तोंडाला लावला.  नातीला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र अडखळते आणि मध्येच तमिळ घालते; आजोबाही तिचे 'ताता'. मग तिचा आवाज आला, "ताता, थोरले सरि, ते ठीक. आतां फोन फिरवा. तुमाला बघणें आहे."

मामांच्या अंगावर पंचा, दाढी वाढलेली. फोन फिरवला तो आधी छताकडे, मग कसाबसा तोंडासमोर. "काय बघतेस, केस पिकले अस्क, एक काळा नाही," म्हणाले. ती म्हणाली, "जेवण झालं का ताता? काय जेवलां?" आमटीपासून ताकापर्यंत मामा सांगत बसले. थोरल्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून कोथिंबिरीची अख्खी जुडी संपवली, पण तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं.