घरटी एक भारा

माझी सासू बायजाबाई भांडखोर होती, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी तिचे उपकार मोजणार आहे. तेव्हा कुणी म्हणायला नको, की मेलेल्या माणसाविषयी सून गोड गोड लिहिते.

जासईच्या पुढे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. उधाणाचं पाणी एका बाजूला, भाताची शेतं दुसऱ्या बाजूला आणि मधे नुसता मातीचा लांबलचक बांध. बांधाला भगदाड पडलं की त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की दवंडी व्हायची आणि घरटी एक माणूस तिवराच्या फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन हजर. तिवरं, ही खाऱ्या पाण्यातली झाडं, बांधाच्या पुढ्यातच चिखलात उभी असायची. ती तोडायची, खांडीत रचायची, वर दगडमाती लोटायची. जे घर भारा आणणार नाही, त्याच्या वाट्याच्या बांधाला गाव हात लावणार नाही, असा वाडवडिलांपासूनचा नियम.

मी सत्तर सालाच्या आसपास लग्न होऊन आले, तेव्हा खांड क्वचित पडायची. पुढे ती दरवर्षीची झाली. म्हातारी माणसं म्हणायची, समुद्र पूर्वी एवढा वर चढत नव्हता. कुणी नव्या शहराच्या भरावाला बोल लावी, कुणी म्हणे ऋतूच बिघडले. कारण काही असो, आम्ही तिवरं तोडून खांड बुजवायचो आणि पुढच्या उधाणाला अडवायला तिवरं कमी पडायची. मग खांड आणखी मोठी, भारे आणखी जास्त. खारं पाणी शिरलेल्या शेतात ना भात, ना पेंढा, म्हणून चुलीलाही तिवरच. पोट भरेना तशी तरणी पोरं पावणे गावाकडच्या कारखान्यांत गेली, माझा नवरा सुभाषही गेला, आणि बांधावरचे हात कमी झाले. आम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होतो आणि त्याला बांधबंदिस्ती म्हणत होतो.

एका वर्षी मोठी खांड पडली. तोवर दाट तिवरं राहिली होती फक्त आमच्या शेतापुढे. गावाचा कारभार पाहणारे सितारामकाका, माझ्या सासूचे चुलतदीर, चार माणसं आणि कोयते घेऊन तिथे आले.

"वयनी, ही तिवरं तोडावी लागतील. दुसरीकडं काय उरलं नाय."

"मंग माज्या चिंबोऱ्या कुटं जातील?" सासू म्हणाली.

तिला खरोखर तेवढीच काळजी होती. तिचा नवरा वारल्यावर त्याच तिवरांखालच्या बिळांतून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, काढून तिने माझ्या नवऱ्याला वाढवलं होतं. तिच्या लेखी ती झाडं म्हणजे तिची पडवीच.

"गावाचा बांध मोठा का तुजी चिंबोरी?" काका चिडले.

"कुडाच्या काठ्या उपटून कूडच लिंपताव तुमी. तोडा. पन मना पयलं उचला हितून." असं म्हणून ती चिखलात फतकल मारून बसली. तिला उचलायची छाती कुणाची? मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आमच्या घरचा भारा गेला नाही. काकांनी सर्वांदेखत सांगितलं, की यापुढे बायजाच्या बांधाला गावाचा हात लागणार नाही. नवरा कारखान्यात, घरात आम्ही दोघी बाया. बांध फुटला असता तर शेत गेलंच असतं.

"आत्याबाई, चार चिंबोऱ्यांपायी शेत घालवणार तुम्ही," मी म्हणाले.

"टोपली उचल," ती म्हणाली.

पावसाळा लागल्यापासून आम्ही माती वाहिली. खाडीकडचा बांध लिंपलाच, शिवाय शेजारच्या शेतांकडचे आडवे बांधही तिने माझ्याकडून उंच करून घेतले. माझं अंग मोडून गेलं. तिने प्रत्येक टोपलीला एक शिवी दिली.

श्रावणातल्या पुनवेला वाऱ्यासकट उधाण आलं. आम्ही बांधावर उभ्या होतो. लाटा तिवरांत शिरत आणि तिथेच त्यांचा जोर सरे. आमच्या बांधापाशी पोचेपर्यंत, तांब्यातून ओतावं तसं मवाळ पाणी उरे. दोन्ही बाजूंना मात्र बांध धडाधड कोसळला. शेजारचं काकांचं शेत माझ्या डोळ्यांदेखत खाडीत मिळालं, आणि ते पाणी आमच्या आडव्या बांधाला येऊन थांबलं. सासू तोंडाला पदर लावून रडली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

त्या वर्षी गावात भात पिकलं ते आमच्याच शेतात. खाऱ्या मातीत तग धरणारं ते तांबडं भात, त्याचं बियाणं दुसऱ्या कुणाकडे उरलंच नाही. सासूने ते सुपात घेतलं आणि मला म्हणाली, "पयलं सितारामकडं दे."

मी भडकले. ज्यानं वाळीत टाकलं त्यालाच आधी?

"त्याची बाजू उघडी रायली तं आपली किती दिस टिकंल? पानी काय सातबारा बघून शिरतंय?"

मी दिलं. तोंड वाकडं करून, पण दिलं.

पुढल्या वर्षी पुन्हा खांड पडली. दवंडी झाली, आणि सवयीने माणसं कोयते घेऊन आमच्या तिवरांकडे निघाली. समोरून काका आले. त्यांच्या डोक्यावर त्यांच्या घराचं दार होतं, बिजागऱ्यांसकट.

"घरातलं आना," ते म्हणाले. "बाहेरचं तोडायचं नाय."

मग कुणी फुटक्या होडीच्या फळ्या आणल्या, कुणी जातं, कुणी पाटा. मी माझी माहेरची लाकडी पेटी दिली. सासूने ती आधी उघडून, आत काही राहिलं तर नाही ना, ते पाहून घेतलं.

तो पावसाळा काकांच्या घराला गोणपाटाचा पडदा होता. सासू मला चिंबोऱ्यांचं टोप देऊन तिकडे पाठवायची. रिकामं भांडं परत देऊ नये, आणि घरात तर काही नाही, म्हणून काकांच्या बायकोने, पुतळाकाकूने, एकदा त्यात बांधाकडेला वाहून आलेल्या तिवराच्या बिया भरून दिल्या. सासू म्हणाली, "ह्या तिच्याच बांधाम्होरं लाव." काकू आणि मी, दोघींनी मिळून लावल्या.

आज माझ्या ताटात जो तांबडा भात आहे, तो त्या बाईच्या हट्टाचा आहे. तिच्या हयातीत मी हे तिला कधी म्हटलं नाही, म्हटलं असतं तर तिने टोपलीच हातात दिली असती. काकांच्या बांधापुढची तिवरं आता आमच्यापेक्षा दाट आहेत, आणि चिंबोऱ्याही तिथेच मोठ्या मिळतात. सासू असती तर रोज तिकडेच गेली असती, आणि बिळं माझी म्हणून पुतळाकाकूशी भांडली असती.