लल्लनचा उरलेला डोळा

वेल्डिंगच्या दुकानात संध्याकाळी कितीही झाडू मारा, सकाळी रॉडची थोटकं पायाखाली येतातच. किस्स्यांचं तसंच आहे. मी एकही जपून ठेवला नाही, आपोआप साठले. आता पायाला टोचायला लागले म्हणून कागदावर झाडून काढतोय. शुद्धलेखन बघणाऱ्यांनी बघू नये. मी चौथीत शाळा सोडली आहे.

आमचं घर काशीतल्या रामघाटावरच्या भटांचं. भाऊ वेद म्हणायला बसले, मी लोखंड धरलं. वडील म्हणाले, कुळाला बट्टा लागला. पुढे त्यांच्याच खिडकीला मी जाळी बसवली, माकडं यायची थांबली, आणि बट्टा निघून गेला.

दुकान पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. माझं आणि लल्लनचं. लल्लन नावाड्याच्या घरातला. त्याचे भाऊ नाव चालवतात, हा नावेला ठिगळं मारतो. तीस वर्षं आम्ही एका छपराखाली भांडतोय. मला तो पंडितजी म्हणतो. आदरानं नाही, चिडवायला.

*

लल्लनचा डावा डोळा आर्कनं, म्हणजे वेल्डिंगच्या निळ्या झोतानं, नाही गेला. आर्क थंड झाल्यावर गेला. हे ऐकून लोक हसतात, म्हणून आधी तेच सांगतो.

एका धर्मशाळेचं फाटक होतं. जोड मारून झाला, वर काळी पापडी जमली. ती हातोडीनं ठोकून काढायची असते. मी म्हटलं, चष्मा घाल. तो म्हणाला, "पंडितजी, पलक किसलिए दी है भगवान ने?"

पापडीचा गरम तुकडा उडाला. पापणीपेक्षा तो जलद निघाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या डोळ्याला आता उजेड आणि सावली एवढंच कळेल, दुसरा सांभाळा. लल्लन घरी येईपर्यंत सारखा नदीकडे बघत होता. मला कारण माहीत होतं. रोज संध्याकाळी आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर चहा घेतो आणि दशाश्वमेधाकडून येणाऱ्या नावा तो लांबूनच ओळखतो. कुणाची, कोण वल्हवतंय, कुठली फळी नवी. लहानपणापासूनचं हे त्याचं वेड. दोन डोळ्यांचं काम आता एकावर आलं.

तेव्हापासून चष्मा घालतो. पण फक्त ठोकताना. आर्क मारताना अजून उघडा डोळा. रॉड टेकवायच्या क्षणी मिटतो, मग किलकिला करून बघतो. याला तो कला म्हणायचा.

*

रामघाटाजवळच्या एका देवळात पायरीचा कठडा जोडायचा होता. पुजारी म्हणाला, चपला बाहेर. फरशीवर अभिषेकाचं पाणी वाहत होतं. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून विजेचा होल्डर हातात घ्यायचा म्हणजे सरळ मणिकर्णिकेच्या स्मशानाची वाट.

मी विचारलं, "देवाला चपलेचा विटाळ होतो, माझ्या प्रेताचा नाही होत का?"

पुजारी विचारात पडला. म्हणाला, चामडं चालत नाही. मी म्हटलं, हे गमबूट आहेत, रबर. शास्त्रात रबराविषयी काही नाही. त्याला पटलं. त्यानं स्वतः फरशी कोरडी केली, वर उभं राहायला लाकडी पाट आणून दिला.

मग मी हातमोजे घातले. ते चामड्याचे. त्यानं ते पाहिले आणि तोंड फिरवलं. आर्क मारताना आजूबाजूच्यांनी तोंड फिरवायचंच असतं.

*

गल्लीतून यात्रेकरू जातात. सोलापूरकडच्या बायकांचा एक जथा चालला होता. लल्लननं आर्क मारला, निळा उजेड पडला, बायका थांबल्या. त्यांना वाटलं, आत आरती चाललीय. सगळ्या हात जोडून टक लावून बघायला लागल्या. मी ओरडलो, "डोळे मिटा!" त्यांनी भक्तिभावानं मिटले. आर्क थांबला तसे उघडले. पुन्हा आर्क, पुन्हा दर्शन.

मी 'बघू नका' अशी पाटी लावली. पाटी वाचायला लोक जास्तच थांबायला लागले.

शेवटी आमच्या गोदावहिनींनी तोडगा काढला. वहिनी ऐंशीच्या, रोज नावेनं पलीकडे वाळूत जाऊन येतात, कुणाचं ऐकत नाहीत. म्हणाल्या, "भावोजी, नैवेद्याला देवापुढे पडदा ओढतो ना? डोकावतं का कुणी?"

जाड ताडपत्रीचा पडदा शिवून घेतला, ठिणग्यांपासून लांब टांगला, वर वहिनींनी लाल काठ लावून दिला. आता पडदा पडला की लोक बाहेर माना खाली घालून उभे राहतात. एक म्हातारा तर पडदा उघडेपर्यंत जप करतो. गल्लीत सगळ्यांचे डोळे वाचले. पडद्याआड एकटा लल्लन तेवढा उघड्या डोळ्यानं.

*

माझी मुलगी मंगल रेल्वेच्या कारखान्यात आहे. तिनं एक हेल्मेट आणून दिलं. एरवी काचेतून स्वच्छ दिसतं, आर्क पेटला की काच स्वतःच काळी होते. म्हणजे 'काळ्या काचेतून जोड दिसत नाही' ही लल्लनची तक्रार संपली. त्यानं ते हौसेनं घातलं. दोन मिनिटांनी काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा खिळ्याला लटकवून टाकलं.

गरम होतं का? नाही. जड आहे? नाही. मंगल म्हणाली, "काका, मग अडचण काय आहे?"

लल्लन काही बोलेना. गाल फुगलेला, मान वर. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. याच्या तोंडात सकाळी सातपासून पान असतं. हेल्मेटमध्ये थुंकायचं कुठे?

मंगल म्हणाली, पान सोडा. लल्लननं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याला काशी सोडायला सांगितलं होतं. मग गटारापाशी जाऊन आला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "पहले अपने बाप को बोलो. उनका शीशा देखा है?"

आर्ककडे बघायला माझी हातात धरायची काळी काच आहे. जुनी. एका कोपऱ्यात चीर गेलीय, मी वरून पट्टी चिकटवलीय. तीस वर्षांत मला काही झालेलं नाही. विषय तिथेच संपवला.

*

चैत्रात कामाची घाई होती. लल्लननं दिवसभर उघड्या डोळ्यानं जोड मारले. दुसऱ्या दिवशी उजवा डोळा लालबुंद, आत वाळू घातल्यासारखी. गल्लीत जो तो विचारी, का गुरू, आज भांग छनी? लल्लन मान डोलवायचा. बनारसमध्ये भांगेनं अब्रू जात नाही. कामात डोळा भाजला म्हटलं की जाते.

संध्याकाळी पायरीवर बसलो. लांबून नाव येत होती. मी सवयीनं विचारलं, कुणाची?

"बंसी की," तो म्हणाला.

नाव जवळ आली. ती बंसीची नव्हती, त्याच्या सख्ख्या भावाची होती. पुढच्या टोकाला लोखंडी पट्टी, ती लल्लननंच मागच्या महिन्यात जोडलेली. भावानं हाक मारली. लल्लननं आवाजावरून मान वळवली.

मी चहाचा घोट घेतला. माझ्यासारख्याला गप्प बसणं किती जड जातं, ते लल्लनला ठाऊक आहे.

डॉक्टरीणबाईंकडे मी हाताला धरून नेला. त्या म्हणाल्या, वरवरचं भाजलंय, दोन-तीन दिवसांत भरेल, या वेळी नशीब. "या वेळी" त्यांनी दोनदा म्हटलं.

चौथ्या दिवशी तो दुकानात आला. गटारापाशी गेला, पान थुंकलं, खळखळून चूळ भरली. पानाची डबी माझ्या हातात दिली. खिळ्यावरचं हेल्मेट काढून डोक्यात घातलं आणि आतून म्हणाला, "परदा गिराइए, पंडितजी."

दुपारच्या जेवणानंतर एक पान खातो. तेवढं मी चालवून घेतो.

*

परवाची गोष्ट. पायरीवर चहा चालला होता. पलीकडच्या वाळूकडून एक नाव निघाली. मी विचारलं, सांग.

लल्लननं डोळा बारीकही केला नाही. "भैया की. पट्टी चमक रही है. आगे आपकी भाभी बैठी हैं, हरी साड़ी. हाथ हिला रही हैं आपको."

मी हात हलवला.

लल्लननं माझा हात कुठे हलतोय ते बघितलं. मग हळूच म्हणाला, "पंडितजी, नाव उधर है."

मी म्हटलं, ऊन डोळ्यावर येतंय. त्यानं चहाचा कुल्हड खाली ठेवला आणि मागे बघितलं. सूर्य आमच्या पाठीशी, घाटावरच्या मशिदीमागे केव्हाच गेला होता.

आज सकाळी दुकान उघडलं. त्याच्या हेल्मेटच्या खिळ्याशेजारी भिंतीत दुसरा खिळा ठोकलेला होता. माझ्या उंचीला.