नर्सबाईंचं सफरचंद अजून गोड झालेलं नाही

आदरणीय सुमनबाई नगराळे यांची आणि माझी पहिली ओळख राळेगाव तालुक्यातल्या त्यांच्या शेतात, भर मे महिन्यात झाली. मी पांढरकवड्याला ट्रकवर क्लीनर म्हणून लागायला निघालो होतो. एसटी मधेच बंद पडली, म्हणून पाणी मागायला शेतात शिरलो. कडुलिंबाखाली बाई चाकूनं एक फळ कापत बसल्या होत्या आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायला आलेल्या बाया भोवती उभ्या होत्या. पाण्याआधी बाईंनी माझ्या हातावर एक फोड ठेवली.

"सांग, कसं हाय?"

मी चावलं आणि खरं ते बोलून गेलो. "भुसा हाय बाई. याच्यापरीस कच्चा बटाटा बरा."

एका बाईनं कपाळाला हात लावला. "नर्सबाईले असं म्हणते का बे कोणी!" पण नर्सबाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. "जेवला का?" त्यांनी विचारलं. पांढरकवड्याचा तो ट्रक माझ्याविनाच गेला असेल.

बाईंचा परिचय या गौरवग्रंथाच्या वाचकांना मी काय देणार! आरोग्य केंद्रातल्या नोकरीत आजूबाजूच्या पाच-सहा गावांतली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मली. निवृत्त झाल्यावर त्या शेतात उतरल्या, ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडं किडत होती, भाव पडत होता, आणि पारावर कोणी मोठ्यानं हसलं तरी लोक वळून पाहायचे. अशा दिवसांत बाईंनी अर्ध्या वावरातला कापूस मोडून उष्ण हवेत येणाऱ्या सफरचंदाची रोपं लावली. झाडं जगली, फळंही धरली. पण आपल्याकडे ते फळ मेच्या उन्हात पिकतं, एका अंगानं भाजतं आणि आतून पिठूळ होतं. लोक म्हणाले, विदर्भात सफरचंद आलं, यातच सगळं आलं. बाईंना ते पटलं नाही. खाताना कुरकुरीत लागेल, रस सुटेल, असं फळ त्यांना हवं होतं.

त्यांची कामाची रीत मी जवळून पाहिली. डिसेंबरात झाडाची पानं हातानं ओरबाडायची. "झाडाले वाटलं पाह्यजे का थंडी पडली," असं त्या म्हणत. फेब्रुवारीत कळी उमलायच्या आत नर्सच्या चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग ब्रशनं लावायचा आणि वर गॉजची पिशवी बांधायची. त्या फळाचं बी ओल्या वाळूत घालून राळेगावच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजमध्ये दोन-अडीच महिने ठेवायचं, कारण थंडी लागल्याशिवाय ते उगवत नाही. हा कोल्ड्रिंकवाला बाभुळगावचा. त्याच्या लग्नात मी तीन दिवस जेवलो होतो आणि तिथून एका बँडवाल्याबरोबर थेट वर्ध्याला गेलो होतो, पण ते इथं कशाला. सांगायचं ते हे, की एका बापाची चार पोरं चार तऱ्हेची, तसं सफरचंदाचं बी. प्रत्येक रोप वेगळं. फळ यायला सहा-सात वर्षं लागतात आणि बहुतेक झाडं तोडायचीच निघतात.

कोणतं ठेवायचं अन् कोणतं तोडायचं, हे चाखूनच ठरतं. घोडं तिथंच अडलं होतं. बाईंना फळ खराब आहे असं कोण सांगणार? ज्याच्या बायकोचं बाळंतपण त्यांनी रात्रभर जागून केलं, तो म्हणायचा, "वा बाई, काश्मीर मागं पडलं!" उरलेली फोड तो वाटेत बकरीला घालायचा. बकरीही हुंगून सोडायची, हे मी पाहिलंय. बाई स्वतः चाखायच्या, पण म्हणायच्या, "मायले आपलं लेकरू कधी काळं दिसते का?"

मी येण्याआधीच त्या गोड शब्दांवर विसंबून बाईंनी विहिरीजवळचं एक झाड निवडलं. त्याच्या फांद्यांवरचे डोळे काढून कलमं बांधली आणि गावातल्या पाच-सात जणांना फुकट दिली. त्यांची फळं यवतमाळच्या बाजारात गेली, तेव्हा व्यापाऱ्यानं एक कापून पाहिलं आणि करंडी परत सरकवली. दुसऱ्या दिवसापासून बाई करवत घेऊन, मला सोबत घेऊन प्रत्येकाच्या वावरात गेल्या. म्हणाल्या, "हे मीच चुकीचं देल्लं. तोडून टाका. मी लोकाईचं ऐकलं."

लोक काय म्हणाले? "राहू द्या ना बाई. सावली पडते."

घरी आल्यावर विहिरीजवळचं ते झाड त्यांनी माझ्याकडून तोडवलं. मला म्हणाल्या, "तू कुठंबी हिंड, पण मे महिन्यात इकडं येत जाय." मी हिंडतच राहिलो. दर वेळी परत आलो की कुठं गेलता, कायले गेलता, असं त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा टायफॉइड घेऊन आलो तेव्हा महिनाभर त्यांनी मला पेज भरवली. बरा झालो तेव्हा म्हणाल्या, "तुही जीभ सलामत पाह्यजे, बाकी तू काय कामाचा?"

गौरव समितीनं मला कळवलं होतं की बाईंचं सफरचंद यशस्वी झालं असं दोन ओळींत तरी लिहावं. मी तसं लिहू शकत नाही. या मेमध्ये शेवटच्या रांगेतल्या झाडांना पहिल्यांदा फळं आली. बाईंनी सगळी आशा त्यांच्यावर ठेवली होती. मी एकेक चाखत गेलो. पहिलं भुसा. दुसरं आंबट, वर भुसा. असं करत रांग संपली. शेवटची फोड तोंडात असताना बाई जे बोलल्या, ते इतक्या वर्षांत त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

"थोडंसं तरी गोड हाय ना रे?"

पंचाहत्तर वर्षांची बाई. काठी मांडीवर. माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या क्षणी मला गावातल्या माणसांचं सगळं समजलं. हो म्हणणं किती सोपं होतं! मी म्हणालो, "नाही बाई."

"बरं," त्या म्हणाल्या. काठी टेकत उठल्या. मग म्हणाल्या, "करवत आण." सांजेपर्यंत रांग आडवी झाली. त्यानंतर त्या आठ-दहा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला ताट मात्र माझ्यासमोर यायचं.

परवा त्यांनी मला नाल्यातून वाळू आणायला पाठवलं. तोडलेल्या झाडांच्या फळांचं बी त्यांनी धुऊन ठेवलं होतं. "याच्यातून काय निघन बाई?" मी विचारलं. "काही निघनार नाही बहुतेक," त्या म्हणाल्या आणि बी वाळूत कालवू लागल्या.

मलाही वाटतं काही निघणार नाही. कापसाचे दिवस फिरले नाहीत, ऊन दर वर्षी वाढतंय, आणि मी आशा बाळगणारा माणूस नाही. तरीही आदरणीय सुमनबाईंना उदंड आयुष्य मिळो, दात शाबूत राहोत, गुडघे चालते राहोत. सहा-सात वर्षांनी त्या बियांना फळ येईल, ते बहुधा भुसाच असेल, आणि तसं तोंडावर सांगायला मला समोर बाईच हव्यात.