आमचं उत्तरमुखी घर

आमच्या इंग्लंडमधल्या घराचं पुढचं दार मागे आहे. त्या अख्ख्या गल्लीत असं घर एकच, आणि ते तसं होण्यात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचाही हात नाही.

मी अबुधाबीत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत बावीस वर्षं इंजिनियर आहे. इमारतींचे नकाशे तपासणं हे माझं काम. कागद हातात आला की आधी कोपऱ्यातला उत्तरेचा बाण बघायचा, ही माझी शिस्त! आमचा ड्राफ्ट्समन कुट्टी एकदा तो बाण काढायला विसरला, तेव्हा मी त्याला सगळ्या ऑफिससमोर सुनावलं होतं, "कुट्टी, जिसको नॉर्थ नहीं मालूम, उसको कुछ नहीं मालूम!" हे वाक्य लक्षात ठेवा. कुट्टीने ठेवलंय.

माझी मुलगी सायली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात फिजिओथेरपिस्ट आहे. (गावाचं नाव सांगत नाही. तिच्या हॉस्पिटलात दोन मराठी नर्स आहेत.) तिने तीन वर्षं भाड्याच्या खोलीत काढल्यावर असं ठरलं, की सगळ्यांनी मिळून तिथे एक छोटं घर घ्यायचं. एरवी सायली राहील, आणि इथे अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत जुलैत नळाला थेट चहाचं पाणी यायला लागलं, की मी, माझी बायको मंजिरी आणि आई तिकडे जाऊ.

सायलीला खरं तर आईनेच वाढवलं. आम्ही दोघं नोकरीवर असायचो. "एकदा तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिला आंबोळ्या करून घालते, एवढंच राहिलंय," असं आई येताजाता म्हणायची. तिची अट एकच होती.

"दक्षिणेचं दार नको."

"आई, इंग्लंडात कोण बघतंय?"

"मी बघतेय. दक्षिणेच्या दारातून मी पाऊल आत टाकणार नाही. तुम्ही खुशाल जा."

आई आवाज न चढवता बोलली, की त्यावर अपील नसतं.

मग दर शनिवारी आमचं व्हिडिओवर घर बघणं सुरू झालं. तिकडे सायली आणि कॉलिन नावाचा हसतमुख एजंट, इकडे सोफ्यावर आम्ही तिघं. पहिल्याच घरात कॉलिन छाती फुगवून म्हणाला, "अँड अ लव्हली साउथ-फेसिंग गार्डन!"

"साउथ? नको," मी म्हणालो.

दुसरं घर. "साउथ-फेसिंग गार्डन!" नको. तिसरं. "साउथ-फेसिंग!" नको! अशी सात घरं झाली. दरवेळी हा माणूस घरातला दोष आधी सांगायचा, आणि तोही हसून! मी मंजिरीला म्हणालो, "बघ, याला म्हणतात प्रामाणिकपणा. इथल्या एजंटांना पाठवलं पाहिजे त्याच्याकडे शिकायला."

शेवटी मीच त्याला सांगितलं, "मिस्टर कॉलिन, ओन्ली नॉर्थ-फेसिंग."

"नॉर्थ-फेसिंग?" कॉलिनने विचारलं. "आर यू क्वाइट शुअर?"

"हंड्रेड परसेंट."

"दॅट्स व्हेरी अनयूजुअल, सर."

मी ते कौतुक समजलो.

पुढच्या शनिवारी त्याने एक घर काढलं. अकरा महिने विकलं न गेलेलं! इतकं उत्तम उत्तरमुखी घर अकरा महिने कुणी घेतलं नाही, म्हणून मला इंग्रजांविषयी वाईट वाटलं. तरी मी नुसता विश्वास ठेवणारा माणूस नाही. सायलीला म्हटलं, "मेन डोअरमध्ये उभी राहा, तोंड बाहेर कर आणि मोबाइलवरचं होकायंत्र लाव."

"व्हिच वन इज मेन, बाबा? देअर आर टू."

तिने दोन्ही दाखवली. एक अरुंद, निळं, मध्ये पत्रं टाकायची फट असलेलं. दुसरं भिंतभर काचेचं, सरकणारं, बागेत उघडणारं.

"अगं, मोठं ते मेन! ते अरुंद मोरीकडचं असणार." (मोरीच्या दाराला पत्रांची फट कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.)

"ओके... नॉर्थ, बाबा."

"यल्ला! घेऊन टाका!"

घेऊन टाकलं. किल्ली मिळाली त्या दिवशी आम्ही पेढे आणले. आईने ठेवणीतली साडी नेसली. तिची बॅग तर आठवडाभर आधीच भरून तयार होती आणि त्यात तळाशी आंबोळ्यांच्या पिठाचा डबा होता. सायलीचा व्हिडिओ कॉल आला.

"आजी, लुक! आय ॲम स्टँडिंग इन अवर डोअर! यू कॅन सी द सी फ्रॉम हिअर!"

गल्लीच्या टोकाला खरंच समुद्राची निळी पट्टी दिसत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. आईने वाजवल्या नाहीत.

"त्या गावात समुद्र कुठल्या दिशेला आहे म्हणालास?" तिने मला विचारलं.

"दक्षिणेला," मी ऐटीत म्हणालो. "आपल्या देवगडला कसा पश्चिमेला, तसा तिथे दक्षिणेला. पलीकडे फ्रान्स."

"आणि सायली उभी आहे कुठे?"

"दारात."

"आणि तिच्या समोर काय आहे?"

"समु..."

पेढा माझ्या तोंडातच राहिला.

मी कॉलिनला फोन लावला. त्याने अतिशय सभ्यपणे माझी अक्कल काढली. त्यांच्याकडे घराचं तोंड म्हणजे बागेचं तोंड. मागच्या बागेत ऊन यावं म्हणून लोक साउथ-फेसिंग शोधतात. बाग दक्षिणेला, म्हणजे रस्त्याकडचं दार उत्तरेला! आम्ही नाकारलेल्या सातही घरांची दारं उत्तरेला होती. सातही! आणि जे एकमेव दक्षिणमुखी निघालं, ते मी मागून घेतलं होतं. आणि माझ्या मते जे मोरीचं दार होतं, तेच मेन.

"बट यू डिड आस्क, सर," कॉलिन म्हणाला.

"खलास," मंजिरी म्हणाली.

"मी दार हलवतो!" मी म्हणालो. "इंजिनियर आहे मी!"

"बाबा, यू कान्ट जस्ट मूव्ह अ डोअर," सायली व्हिडिओवरून म्हणाली.

आई उठली. तिने बॅग उघडली, पिठाचा डबा काढला आणि स्वयंपाकघरात फळीवर नेऊन ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. त्या डब्याकडे बघून मला खरोखर रडू आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत असताना आईने विचारलं, "ते काचेचं दार कुठल्या दिशेला?"

"उत्तरेला."

"तिथून आत जाता येतं?"

"येतं. म्हणजे मागच्या बोळातून, कचऱ्याचे डबे असतात तिथून बागेत शिरायचं, आणि मग..."

"मग तेच पुढचं दार."

"आई, ते मागचं आहे गं."

"पुढचं-मागचं तुम्ही ठरवलेलं. उत्तर कुणी ठरवलेली नाही," आई म्हणाली आणि डबा बॅगेत गेला.

जुलैत आम्ही गेलो. मागच्या बोळातून, दोन कचऱ्याच्या डब्यांमधून, आठ बॅगा ओढत! शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून डोकं काढून विचारलं, "कॅन आय हेल्प यू?" (याचा अर्थ 'पोलिसांना बोलावू का' असा होतो, हे सायलीने नंतर सांगितलं.) आईने काचेच्या दाराला तोरण बांधलं, उजवं पाऊल आत टाकलं, आणि तासाभरात त्या आजोबांच्या हातात कुंपणावरून गरम आंबोळी गेली. सायलीने सात खाल्ल्या. आई ओट्याशी उभी राहून मोजत होती आणि मला फार बरं वाटत होतं.

बागेत ऊन येत नाही म्हणून ते घर अकरा महिने पडून होतं म्हणे! आम्ही बावीस वर्षं ऊन चुकवत जगलेली माणसं, आम्ही तिथे खुर्च्या टाकून बसलो. दाराची पाटी आता मागच्या बोळात, डब्यांच्या मधोमध आहे. पोस्टमन अजून चुकीच्या दाराने येतो.

सुट्टी संपवून ऑफिसात आलो, तर पहिल्याच दिवशी कुट्टी एक नकाशा घेऊन समोर उभा. कोपरा कोरा. (मंजिरी आणि कुट्टीची बायको एकाच बँकेत आहेत, हे सांगायचं राहिलं.)

"सर," कुट्टी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "नॉर्थ किधर है?"

मी मोबाइल काढला. "रुको कुट्टी, आई को पूछ के बताता हूँ."