आलं का ध्यानात?

रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी मला ध्यानाला बसवलं. गोळी रोज घ्याच, म्हणाले, पण सकाळी थोडा वेळ शांतही बसत जा. ऑफिसात तुमचा आवाज फार चढतो असं ऐकतो. साताऱ्यात कुणाचं काही लपून राहत नाही. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, घरात एक ध्यान होतंच, आता ते ध्यानाला बसणार.

मागच्या खोलीत सतरंजी टाकली, दार लावून घेतलं आणि मोबाईलवर एका बाईचा गोड आवाज सुरू केला. विचार येतील, येऊ द्या. जातील, जाऊ द्या, असं ती सांगायची. माझे विचार एकदा आले की जायचं नाव घेत नसत. नळाला पाणी आलं का, साहेबांनी काल तसं का म्हटलं, हेच चालायचं. गुडघे दुखायचे आणि त्या बाईचाच राग यायचा. तरी मी हट्टाला पेटलो होतो. आयुष्यात एक गोष्ट तरी नेमानं करून दाखवायची होती.

आई तेव्हा आमच्याकडे होती. पलूसला भावाकडे ऊसतोड सुरू झाली की तिच्याकडे बघायला घरात कुणी नसायचं, आणि आता तिला एकटं सोडून चालत नव्हतं. दुपारनंतर ती मला स्वतःचा भाऊ समजायची. संध्याकाळी मला घरी सोडा म्हणून पिशवी भरून बसायची. सकाळी मात्र उठल्या उठल्या तिचं डोकं लख्ख असायचं. सगळ्यांना ओळखायची, चहात साखर कमी पडली तर बोलून दाखवायची.

माझे वडील, आबा, फौजेत होते. मी पाळण्यात असतानाच ते गेले. भिंतीवरच्या फोटोपलीकडे मला त्यांचं काहीच ठाऊक नाही. आवाज कसा होता, माझ्यासारखे चिडायचे का, मला त्यांनी कधी कडेवर घेतलं का. लहानपणी विचारलं की आई उठून गोठ्यात निघून जायची, म्हणून मी विचारणं सोडून दिलं. आता या वयात ती आपणहून बोलायला लागली होती. बायको सांगायची, सकाळी चहा घेताना आई आबांच्या गोष्टी काढतात, मधेच थांबतात, तुम्हीच जरा बसा त्यांच्याजवळ. मी म्हणायचो, रविवारी बसतो. रविवारी सुट्टी म्हणून ध्यान जास्त वेळ चालायचं.

दार उघडून बाहेर आलो की आई दाराशीच पाटावर बसलेली असायची. आतबाहेर कुणी मोठ्यानं बोललं, तर त्याला हातानं गप्प करायची. मला बघितलं की विचारायची, "आलं का रं ध्यानात?"

"आलं की," असं म्हणून मी टॉवेल घेऊन आंघोळीला पळायचो. मला वाटायचं, ध्यान जमलं का म्हणून विचारतेय. तिचा चेहरा समाधानी व्हायचा, ती मान हलवायची आणि मग त्या विषयावर काही बोलायची नाही.

थंडी सरली तशी तिची सकाळही गढूळ झाली. एके दिवशी बायको म्हणाली, आज त्यांनी उठल्यावर मला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ध्यानाला बसलो नाही. मागच्या खोलीतून वारा येत होता म्हणून तिचं दार बाहेरून ओढून घेतलं, दोन कप चहा आणला आणि आईच्या पाटाशेजारी जमिनीवर बसलो. तिनं परक्या माणसासमोर घ्यावा तसा पदर नीट घेतला.

"आई, आबांचं काय तरी सांग की," मी म्हणालो.

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, पावणं. आत आमचा पोरगा बसलाय. बापाला ध्यानात आणतोय. लय ल्हान हुता त्यो तवा."

आमच्याकडे ध्यानात येणं म्हणजे आठवणं. हे मला कुणी सांगायला नको होतं, मी पलूसचाच. आई रोज दाराबाहेर बसून राखण करत होती, मला माझा बाप आठवावा म्हणून. आणि मी रोज तिला आठवला म्हणून सांगत होतो. मग ती कशाला काय सांगेल? मला तिथंच मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण तिनं बोट अजून खाली घेतलं नव्हतं.

मी हळू आवाजात विचारलं, "कसं हुतं त्येचं वडील?"

ती बराच वेळ आठवत राहिली. मग ओशाळून म्हणाली, "माज्या न्हाई आता ध्यानात. पर त्येला आलंय, रोज सांगतोय मला. भाईर आला की त्येलाच इचारा."

चहा गार होत होता. आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघत बसलो.