बाई मरते ते पुस्तकात

सिहोऱ्याच्या बाजारात एक जण मासोळ्या विकतो. बी.ए. होऊनही तो तलावावरच राहिला. जवळच्या खाणीवरच्या इंग्रज साहेबांच्या जुन्या बंगल्यातून रद्दीत निघालेली इंग्रजी मासिकं त्याने घरी नेली आणि त्यांतल्या भुताखेतांच्या कथांचा त्याला नाद लागला. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून मासोळी तोलता तोलता तो एखाद्या कथेचं नाव काढतो आणि विचारतो, "सर, हे पयले कुठी छापली असन?"

एकदा मी त्याला माझ्या लेखाविषयी सांगितलं. पडक्या किल्ल्यात कोंडलेल्या बाईच्या एका जुन्या इंग्रजी कथेवर तो होता. शेवटी बाई मरते, आणि त्या मरणावरच माझा सगळा लेख उभा होता.

"मरते ते पुस्तकात," तो हळूच म्हणाला. "पयले मासिकात आली, तीन हप्त्यांत. तिथं बाई भिंत फोडून निंगून जाते."

मी हसलो. पुढच्या बाजारी त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले तीन अंक माझ्या हातात दिले. मी तिथेच उभ्याने वाचले. बाई खरोखर निघून गेली होती.

मी लेख नव्याने लिहिला आणि आभारात घालायला त्याचं नाव विचारलं.

"नाव कायले, सर?" खवले काढता काढता तो म्हणाला. "त्या मासिकात लिवणाऱ्याचं तरी कुठी नाव हाय?"

घरी येऊन मी अंक पुन्हा उघडले. तिन्ही हप्त्यांखाली खरंच कोणाचंच नाव नव्हतं.