दुसऱ्या मंडळीचं पाणी

ख्रिश्चन म्हणजे ख्रिश्चन, एवढंच मला माहीत होतं. समुद्रपुरात किराण्याच्या गल्ल्यावर बसून आणखी काय कळणार? आमच्या गल्लीत त्यांचं घर एकच, एका निवृत्त नर्सबाईंचं. सारं गाव त्यांना सिस्टरबाई म्हणतं. माझ्या दोन्ही पोरींच्या वेळी रात्रभर बायकोजवळ त्याच बसल्या होत्या. त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन. म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या चर्चवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, तेव्हा त्यांनी खुशाल माझा नंबर देऊन टाकला. संध्याकाळी दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसायच्या आणि विचारायच्या, "बाबू, आज काय आलं?" मी वाचून दाखवायचो.

सुरुवातीला वचनं, वाढदिवस, कोणाच्या तरी ऑपरेशनसाठी प्रार्थना. मग वाद सुरू झाले आणि माझं शिक्षणही. कॅथलिक मरियेला मानतात, सिस्टरबाईंची मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, तेवढं मानत नाही. कोणाची उपासना रविवारी, कोणाची शनिवारी. पेंटेकॉस्टलवाले टाळ्या वाजवत कोणालाच न कळणाऱ्या भाषेत प्रार्थना करतात. बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं की बाप्तिस्मा झाला, असं एक मंडळी म्हणते. जाणत्या माणसाला पुरतं बुडवल्याशिवाय तो होतच नाही, असं दुसरी. आधी मला गंमत वाटली. आमच्यातही पोटजाती आहेत, लग्न ठरवताना बरोबर बाहेर निघतात, तसंच असेल म्हटलं.

पण यांची भाषा वाचून शिसारी यायची. एका बाईनं लिहिलं, माझं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं, ते आता कुठे असेल? त्यावर चार शहाण्यांनी अध्याय आणि ओव्यांचे आकडे फेकून एकमेकांना खोटं पाडलं. बाईशी कोणी बोललंच नाही. खाली एकानं हसरा चेहरा टाकला. असल्या माणसाला मी दुकानाची पायरी चढू देणार नाही. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला हात धुवावेसे वाटले.

एकदा कोणाच्या तरी लक्षात आलं की सिस्टरबाईंच्या नंबरला केळझरच्या गणपतीचा फोटो आहे. झालं! मूर्तिपूजा, विश्वासघात, काय वाट्टेल ते. मी लिहिलं, फोन किराणावाल्याचा आहे आणि गणपतीही त्याचाच. बाईंना माफी मिळाली, मला लांबलचक उपदेश.

पुढे बाईंचे गुडघे गेले. एसटीनं वर्ध्याच्या चर्चला जाणं होईना. आमच्याच गावात एका घरी पेंटेकॉस्टलांची प्रार्थना भरायची, तिथे त्या जाऊ लागल्या आणि एक दिवस शेततळ्यात बुडून नवा बाप्तिस्मा घेऊन आल्या. "इतक्या मायेनं म्हणत होते, मले त्याईचं मन मोडू नाई वाटलं," म्हणाल्या. त्या माणसांनी हौसेनं फोटो ग्रुपवर टाकला.

गणपती चालला होता. दुसऱ्या मंडळीचं पाणी चाललं नाही. वर्ध्याच्या मंडळीच्या सचिवांनी सगळ्यांसमोर लिहिलं, "पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याने आपले सभासदत्व संपले आहे. आमच्या दफनभूमीत आपणांस जागा मिळणार नाही." त्याच दफनभूमीत बाईंचा नवरा आहे. त्याच्या शेजारची जागा त्यांनी केव्हाच सांगून ठेवली होती. त्याच्या कबरीवर लावायच्या मेणबत्त्या दरवर्षी माझ्याच दुकानातून जायच्या.

मी न राहवून बुडवणाऱ्यांना विचारलं, तुमची दफनभूमी कुठे? ती नव्हतीच. आमच्या या बहिणीचा आत्मा वाचला आहे, देहाची काळजी करू नये, असं त्यांच्या पास्टरनं लिहिलं. बुडवायला मात्र देहच लागला होता. दोन्हीकडच्यांना एकाच पोत्यात घालून तोंड शिवावं, असं वाटलं मला.

हे वाचून दाखवू नये असंही मनात आलं. पण बाई समोरच बसल्या होत्या आणि माझा चेहरा त्यांना वाचता येत होता. मी सगळं वाचलं.

"लिहिजो," त्या म्हणाल्या. "मले जागा नोका देऊ. पण मंग माह्या मालकाले बाहेर काढून द्या. जेथं मले भेटन, तेथं मी त्याईले घेऊन जातो."

"सिस्टरबाई, खरंच लिहू?"

"लिहिजो."

मी एक शब्दही न बदलता लिहिलं. गिऱ्हाईक साखर मागत होतं, त्याला थांब म्हटलं. उत्तर सचिवांचंच आलं. "आपल्या पतीचे सभासदत्व शेवटपर्यंत अबाधित होते. त्यामुळे त्यांना हलवता येणार नाही." आणि त्याखाली भराभर अंगठे येऊ लागले.

बाईंनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"म्हणजे ते त्याईचेच राह्यले," त्या म्हणाल्या, "अन् मी कोणाचीच नाई."